सासऱ्यांच्या गिटारची जास्तीची पट्टी

माझ्या सासऱ्यांच्या गिटारची एक पट्टी मी पक्कडीने उपटून काढली, त्या दिवशी मी देव होतो.

यात बढाई काही नाही. धोंड्याचा महिना चालू होता, म्हणजे अधिक महिना. तीन वर्षांतून एकदा येणारा हा जादा महिना पंचांगवाल्यांनी खास जावयांच्या भल्यासाठीच घातला असावा, अशी माझी पक्की समजूत आहे. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याला घरी बोलवायचं, पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे पोटभर खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ताटात मधोमध तेवता दिवा ठेवून. आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, त्यामुळे पोशीरला सासरी माझी वाट बघणं चालू होतं.

त्यातून सासूबाईंचा घरचा एक नियम होता. त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडे आलेला. "वाणातला दिवा तेवतो तवर जावाय नारायन. तवर त्याला कुनी वाकडा शबुद बोलायचा नाय." (मला हा नियम इतका आवडला, की आपल्या खालापूरच्या घरीही तो रोज पाळावा असं मी सुचवलं. ते ऐकून माझ्या बायकोनेच पेट घेतला.)

बायकोचं नाव मनीषा. निघताना तिने मला दारात अडवलं.

"एक सांगते. तिथे जाऊन काहीही तपासायचं नाही."

"मी कुठे काय तपासतो?"

"खिशात काय आहे?"

खिशात व्हर्नियर होता. आता हे सांगायलाच हवं, की मी खालापूरजवळच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. पंपाचे सुटे भाग येतात, मी ते व्हर्नियरने मोजतो आणि केसभर जरी चुकले असले तरी त्यांच्यावर लाल कागद चिकटवतो: 'रिजेक्ट'. दिवसाचे आठ तास हेच केल्यावर उरलेल्या सोळा तासांत डोळे मिटून कसं बसणार? भाकरी गोल नसली की मला दिसतं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं असलं की मला घास गिळत नाही. लग्नात अंतरपाट एका बाजूने खाली आलाय हे मी मंगलाष्टकं चालू असताना भटजींना सांगितलं होतं, आणि त्याची चर्चा पोशीरमध्ये अजून आहे.

पोशीरला पोचलो तेव्हा सकाळपासून लाईट गेलेली होती. तारांची दुरुस्ती चालू होती म्हणे. उकाडा असा, की पाटावर बसल्या बसल्या नारायणाला घामाची अंघोळ झाली. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, माझ्या पायांवर पाणी घातलं. सासूबाईंनी ओवाळलं. तांब्याचं ताट पुढे आलं. दिवा आणि भोवती खसखस लावलेले सोनेरी अनारसे. मी सवयीने मोजले. तेहतीस बरोब्बर होते. मग फक्त एकदाच, सहज, व्हर्नियर काढून दोन अनारशांना लावून बघितला.

"आई, हे दोन जरा साईजच्या बाहेर आहेत."

मनीषाने हळूच माझ्या पायावर पाय दिला. सासूबाईंचा चेहरा क्षणभर बदलला. त्यांनी दिव्याकडे बघितलं, आवंढा गिळला आणि म्हणाल्या, "जावाईबापू, आमरस वाढू का?"

त्या दिवशी असले प्रश्न मला किती वेळा ऐकावे लागणार होते, याची तेव्हा कल्पना नव्हती.

जेवण झाल्यावर आप्पांनी आतून गिटार आणली. आप्पा शेती बघतात, पण तरुणपणी त्यांनी तीन मित्रांबरोबर ऑर्केस्ट्रा काढला होता. कर्जत-खालापुरातल्या गणपतीत, लग्नांत, जत्रांत त्यांचा म्हणे दबदबा होता. गिटार त्या काळातली. जुन्या लुगड्याची गवसणी, तिला नाडी, नाडीला चार गाठी. त्या चौघांपैकी आता दोघेच उरले होते, आप्पा आणि दामूकाका. दामूकाका घाटातल्या ठाकुरवाडीला राहायचे, तोंडाने वाजवायचा बाजा वाजवायचे, आणि ते आज चार वाजता येणार होते.

"येत्या सोमवारी पोराकडं नागपूरला चाललाय, कायमचा," आप्पा म्हणाले. "म्हनून म्हटलं, एक डाव दोघं बसू. पुन्हा कुटं भेट व्हतीय?"

हे बोलताना त्यांनी गिटारवरची नसलेली धूळ दोनदा पुसली.

मग त्यांनी तारा छेडल्या आणि गिटार माझ्या हातात दिली. मीसुद्धा सहा महिन्यांपासून कर्जतला साळवी मास्तरांकडे गिटार शिकतोय, हे त्यांना ठाऊक होतं. मी दोन-चार सूर धरले आणि चकितच झालो. माझ्या घरच्या नव्या गिटारवर वरच्या बाजूला तार दाबायची म्हणजे बोटांना घट्टे पडतात. इथे नुसतं बोट टेकवलं की सूर! (माझा रियाज फळाला आला, असा मी अर्थ काढला.)

"फकस्त येक खोड हाय हिला," आप्पा म्हणाले. "जाड तार मोकळी सोडून वाजवली की जरा किरकिरती. वय झालं तिचंबी. बरं, मी नेरळला टेशनावर जातो, दामूला घिऊन येतो. तवर वाटलं तर वाजवा. पर जपून हं!"

आप्पा स्कूटर काढून गेले. मनीषा आतल्या खोलीत आडवी झाली. सासूबाई मागे भांडी घासायला बसल्या. ओसरीवर मी, गिटार, वाणाचं ताट आणि एक खोड असे चौघेच उरलो.

खोड आहे म्हटल्यावर माझ्याच्याने राहवेना. मी व्हर्नियर काढला. गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. त्यांच्यातलं अंतर वरून खाली हिशोबाने कमी कमी होत जातं. मी एकेक मोजत गेलो. सगळं चोख! आणि अगदी वर पोचलो तर काय? दांडीच्या टोकाला खाचा पाडलेला पांढरा तुकडा असतो ना, ज्यातून तारा खाली येतात, ज्याला नट म्हणतात, त्याला अगदी चिकटून एक पट्टी बसवलेली! मध्ये बोटाचं टोकही शिरणार नाही. मी पट्ट्या मोजल्या. वीस! माझ्या गिटारला एकोणीसच आहेत.

मी हादरलो. इतकी वर्षं हा माणूस एक पट्टी जास्त असलेली गिटार वाजवत होता! कारखान्यात कुणीतरी झोपेत ठोकलेली पट्टी, तपासणीवाल्याने डोळे मिटून पास केलेली, आणि कर्जत तालुक्यात एकाच्याही लक्षात आलेलं नाही! शिवाय त्या पट्टीवर जाड तारेखाली बारीक चरी पडलेली मला स्पष्ट दिसली. म्हणजे किरकिर तिथूनच. आप्पा दामूकाकांना घेऊन येतील, तार छेडतील, किरकिर गेलेली असेल, आणि मी नम्रपणे म्हणेन, "काही नाही हो, जरा बघितलं." सासरी नाव काढायची अशी संधी तीन वर्षांनी एकदा येते.

आप्पांच्या हत्यारांच्या पेटीत पक्कड होती. तारा सैल केल्या, पट्टीचं टोक धरलं आणि ओढली. कट्! पट्टी निघाली. दाढ काढल्यावर वैद्याला जसं वाटत असेल तसं मला वाटलं.

तारा परत ताणल्या. सुरात लावू लागलो, तर लागेचनात. मोकळ्या तारेवर बोट फिरवलं.

खर्रर्रर्र... खट्.

सहाच्या सहा तारा! आधी एक तार किरकिरत होती, आता साऱ्या गिटारचा घसा बसला होता. वाकून बघितलं, तर तारा खाली उतरून पुढच्या पट्टीवर सरळ झोपल्या होत्या. मला दरदरून घाम फुटला. आधीचा होताच, त्यात हा नवा. मी साळवी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, एखाद्या गिटारला एक पट्टी जास्त असेल तर?"

"जास्त म्हणजे?"

"अगदी वर. नटला चिकटून."

"अरे वा, झिरो फ्रेट! जुनी गिटार दिसतेय. नशीबवान आहात. तिला हात मात्र लावू नका हं!"

मी पक्कड हळूच पेटीत परत टाकली.

"हॅलो?"

"मास्तर, समजा... लावला असेल तर?"

"कितपत?"

"ती आता माझ्या हातात आहे."

"गिटार?"

"पट्टी."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग मास्तर हळूहळू बोलू लागले. "अहो, तारा त्या पट्टीवर टेकतात! अशा गिटारीत नटाचं काम फक्त कंगव्याचं, तारा वेगवेगळ्या ठेवायच्या. म्हणून त्याच्या खाचा मुद्दाम खोल असतात. पट्टी काढली की तारा बसल्या खाली!"

"पण ती ठेवतात तरी कशाला?" माझा आवाज रडवेला झाला होता.

"फायदा आहे म्हणून! मोकळी तार वाजो नाहीतर दाबलेली, दोन्ही पट्टीवरनंच बोलतात. आवाज एकसारखा. आणि वरच्या बाजूला तार अशी हलकी दाबली जाते, की शिकाऊ माणसालाही वाटतं आपण वाजवतोय."

(हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं. तरी लागलं.)

"आणि तोटे? तोटे असतीलच ना?" मी आशेने विचारलं.

"आहेत की. सगळ्या तारांचा भार कायम तिच्यावर, म्हणून तीच आधी झिजते. चरी पडते, तार किरकिरते. शिवाय पुष्कळ लोक अशी पट्टी दिसली की गिटार स्वस्तातली म्हणून नाक मुरडतात."

"बघा! किरकिरच होत होती!" मी ओरडलो.

"अहो, त्यावर कानशीचे दोन हात मारायचे असतात! पाच मिनिटांचं काम! उपटतं का कुणी? कुठल्या गाढवाने..."

"ओळखीतले एक गृहस्थ आहेत," असं म्हणून मी फोन ठेवला.

आता पट्टी परत बसवणं आलं. पण उपटताना ती मिशीसारखी वाकली होती. खाचेत ठेवून दाबली, बसली नाही. मी स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला, गिटार मांडीवर आडवी घेतली, पट्टी खाचेवर धरली आणि बेताने एक ठोका घातला. टण्! पट्टी उडाली. कुठे गेली, काही कळलं नाही. मी वर बघितलं, खाली बघितलं, आणि मग समोर बघितलं.

समोर सासूबाई उभ्या होत्या.

त्यांना काय दिसलं असेल याचा विचार करा. आपला जावई, मांडीवर नवऱ्याची गिटार, आणि जावयाच्या हातात आपला बत्ता! त्यांचं तोंड उघडलं. त्यातून काहीतरी मोठं बाहेर यायच्या बेतात होतं. मी पटकन दिव्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. दिवा तेवत होता. तोंड मिटलं.

"जावाईबापू," त्या म्हणाल्या, "ताक घेता का?"

मी ताक घेतलं. दुसरं करणार काय! त्या तांब्या घेऊन आत वळल्या आणि माझ्या लक्षात आलं, की दिव्यातलं तेल आता तळाला चाललंय. जेवताना उरलेलं साजूक तूप वाटीत होतं. मी ते सगळं दिव्यात ओतलं. त्या क्षणी त्या ज्योतीवर माझा जितका जीव होता, तितका सप्तपदीच्या वेळी समोरच्या अग्नीवरही नव्हता.

आवाजाने मनीषा उठून आली. तिने गिटार बघितली, मला बघितलं, बत्ता बघितला.

"काय केलंत?"

"एक पट्टी जास्त होती."

"कुठे आहे ती?"

"आता जास्त नाहीये."

ती मटकन खाली बसली. "अहो, आप्पांनी आमच्या दादाला कधी हात लावू दिला नाही हो हिला! लहानपणी मी नाडीची गाठ सोडली होती, तर दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी." मग ती दिव्याकडे बघत दात-ओठ खाऊन म्हणाली, "नशीब समजा."

तिघं मिळून शोधू लागलो. ओसरी झाडली. पाट उचलले, चपला झटकल्या. सासूबाईंनी कोंबड्यांच्या डालग्याखालीसुद्धा हात घातला. एकट्या वाणाच्या ताटाला कुणी हात लावला नाही. दिवा तेवत असताना वाण कोण हलवणार? मधूनच सासूबाई कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत, श्वास आत घेत आणि विचारत, "जावाईबापू, पन्हं?" मी प्रत्येक वेळी हो म्हणे. चार वाजेपर्यंत माझ्या पोटात ताक, पन्हं, दोन वाट्या आमरस, कोकम सरबत आणि भीती इतकं सगळं साठलं होतं.

"दिवा आज लय वेळ तेवला बाई," सासूबाई म्हणाल्या.

"तुमची पुण्याई, आई," मी म्हणालो आणि तुपाची वाटी पायाने मागे सारली.

तेवढ्यात स्कूटर वाजली. दामूकाका उतरले, सडसडीत, पांढरी टोपी, खिशात रुमालात गुंडाळलेला बाजा. दोघं म्हातारे ओसरीवर आले ते हसतच. "अरं, तुला ती जत्रा आठवते का रं, पाठीमागं बैल सुटला व्हता ती?" "आन तू वाजवत वाजवत झाडावर चढलास!" आप्पांनी पाणीसुद्धा न पिता गिटार मांडीवर घेतली आणि तारांवर बोट फिरवलं.

खर्रर्रर्र... खट्.

आप्पांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मग दांडीच्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि तो रिकाम्या खाचेशी अडला.

"पट्टी?" ते एवढंच म्हणाले.

"आप्पा, मी... ती मला जास्तीची वाटली. वीस होत्या. माझ्या गिटारला एकोणीस असतात. म्हणून काढली. आणि मग हरवली."

आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. भडकलेले नव्हते हो! भडकले असते तर बरं झालं असतं. पेरणी केलेल्या शेतात कुणीतरी बैल सोडून गेल्यावर माणूस ज्या नजरेने शेताकडे बघतो, त्या नजरेने ते गिटारकडे बघत होते. मग त्यांची नजर दिव्यावर गेली.

"ऊन लय हाय नं आज, जावाईबापू?" ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाने सकाळी माझे पाय धुतले होते, आणि मी त्याच्या मित्राबरोबरची शेवटची बैठक पक्कडीने उपटून फेकून दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की एक लाल कागद स्वतःच्या कपाळावर चिकटवावा.

दामूकाकांनी गिटारवर वाकून खाच निरखली. "मी घाटात तीस वर्सं रेल्वेचा फिटर व्हतो, जावाईबापू," ते शांतपणे म्हणाले. "रूळ कशापायी हाय ते न इचारता आमी कंदी उपटला नाय. असू दे. काय करायचं! मी नुसता बाजा वाजवतो, तू नुसता टाळ्या दे, काय रं आप्पा?"

आप्पांनी मान हलवली, पण गिटार खाली ठेवली नाही.

काहीतरी करायला हवं म्हणून मी वाणाच्या ताटाकडे वळलो. वाण माझं, मी देऊ शकत होतो. "काका, तुम्ही अनारसे घ्या. माझ्या वाणातले." मी चार अनारसे एका बशीत घातले.

टिंग्!

सगळ्यांनी बशीत बघितलं. अनारशांच्या कडेला, खसखशीच्या दाण्यांत, सोनेरी रंगाची, मिशीसारखी वाकलेली पट्टी पडली होती.

"आगो बाय!" सासूबाई किंचाळल्या.

"गावली!" आप्पा लहान मुलासारखे ओरडले.

"आन ह्यो चौतीसावा अनारसा घरी नेला असतात तर?" दामूकाका म्हणाले आणि हसत सुटले.

पुढचा अर्धा तास मी फक्त टॉर्च धरायचं काम केलं. दुसरं काही धरायला मला कुणी देत नव्हतं. दामूकाकांनी पट्टी पाट्याच्या कडेवर ठेवून हलक्या हाताने सरळ केली. पेटीतली बारीक कानस घेऊन चरी घासून गुळगुळीत केली. खाचेत सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं, पट्टी बसवली आणि वर फडकं ठेवून बत्त्याचे तीन ठोके घातले. (माझ्या आणि त्यांच्या ठोक्यात फरक एवढाच, की त्यांचा जिथे मारायचा तिथे बसत होता.) "आता तारा ताना," ते म्हणाले. "त्यांच्या भारानंच ती दबून ऱ्हाईल. रूळबी गाडीच्या वजनानं बसतो."

आप्पांनी तारा लावल्या. जाड तार मोकळी सोडली. तिने असा गोल, भरलेला सूर दिला, की सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. किरकिर नव्हती! नावालासुद्धा नव्हती!

मग दोघं म्हातारे वाजवायला बसले. आप्पांचे हात आधी अडखळत होते. दामूकाका बाज्यावर थांबून वाट बघत, आप्पा पोचले की पुढे जात. तिसऱ्या गाण्याला दोघंही कुठेतरी तरुण झाले होते, आणि माझ्या शेजारी मनीषा मुकाट्याने डोळे पुसत होती. इतकं चांगलं संगीत मी आयुष्यात ऐकलं नाही, आणि ते माझ्यामुळे होता होता राहिलं असतं, याची लाज वाटून माझेही डोळे भरून आले.

गाणं संपलं. आप्पांनी दामूकाकांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग ते म्हणाले, "दामू, दहा वर्सांत गिटार अशी बोलली नव्हती रं! किरकिर पार गेली."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. सारं जग मला गप्प बस म्हणून सांगत होतं. मनीषाने माझा शर्ट ओढलासुद्धा. पण तपासणी खात्यातला माणूस!

मी उभा राहिलो. "म्हणजे आप्पा, तसं बघितलं तर," मी म्हणालो, "मी पट्टी काढली नसती, तर काकांनी ती घासली नसती. म्हणजे माझं रिजेक्शन शेवटी बरोबरच..."

आणि नेमकी तेव्हा लाईट आली.

सकाळपासून मी ज्या लाईटसाठी देवाला साकडं घालत होतो, ती लाईट! डोक्यावरचा पंखा घरघरला, फिरला, जोरात फिरला. ओसरीवर छान गार वारा आला. ताटातली ज्योत एकदा आडवी झाली, एकदा उभी राहिली आणि विझली.

सगळे दिव्याकडे बघत होते. मग सगळे सासूबाईंकडे बघू लागले. त्या सावकाश उठल्या, पदर कमरेला खोचला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आई," मी म्हणालो, "थोडा आमरस मिळेल का?"

पुढे जे झालं त्यात बत्ता होता, पक्कड होती, कोंबड्यांचं डालगं होतं, तुपाची वाटी होती (ती त्यांनी पाहिली होती!), साईजच्या बाहेरचे दोन अनारसे होते, लग्नातला अंतरपाटसुद्धा होता. सकाळपासून एकेक करून गिळलेलं सगळं त्यांनी क्रमवार, एकही न गाळता, मला परत केलं. दामूकाका मध्ये मध्ये बाज्यावर साथ देत होते.

सवयीचा माणूस मी, मनातल्या मनात मोजत होतो. शिव्या बरोब्बर तेहतीस भरल्या, आणि एकही रिजेक्ट करण्यासारखी नव्हती.